गोदाकाठ, मिल आणि आपलं गाव

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. सरांच्या छडीवर, मधल्या सुट्टीतल्या बोरांवर आणि गॅदरिंगवर निदान दहा लेख तरी येतील. मी नोकरीच्या निमित्ताने गेली बरीच वर्षं नांदेडला राहते. आपल्या अहमदपूरचं आणि नांदेडचं एक जुनं नातं आहे. ते आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरात मात्र होतं. त्याबद्दल लिहावं असं मनात आलं. निमित्त झालं ते गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारचं. नांदेडला स्थायिक झालेले आपण सात-आठ वर्गमित्र कॅमेरे आणि मोबाइल घेऊन संध्याकाळी पायी फिरलो, स्टेशनपासून गोदावरीपर्यंत.

गोदावरीच्या घाटांचे फोटो नांदेडमध्ये रोज निघतात. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला देशभरातून माणसं येतात, नगीना घाटावर, बंदाघाटावर जातात आणि फोटो काढतात. ते साहजिकच आहे. गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ साली इथेच महानिर्वाण झालं. त्याला तीनशे वर्षं झाली तेव्हा, २००८ साली, गुरु-ता-गद्दीचा मोठा सोहळा झाला आणि त्याच सुमारास घाटांचं आजचं रूप उभं राहिलं. पण ज्या कारखानदारीमुळे आपल्या भागातली माणसं नांदेडला आली, राबली आणि ज्या पगारावर आपल्यातली काही मुलं शिकली, तिचा फोटो कुणाकडे आहे? आमच्या फेरीचा विषय तो होता. म्हणून आम्ही नदीपासून सुरुवात केली नाही. स्टेशनपासून मोंढ्याकडे आणि तिथून खाली नदीकडे, असा रस्ता धरला.

त्याआधी जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. भूगोलाच्या तासाला आपण तो कोरा भरायचो, तसा. आपल्या तालुक्यातून वाहणारी मन्याड पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. तो संगम नांदेडच्या बराच खाली, तेलंगणाच्या हद्दीवर आहे. म्हणजे आपल्याकडचं पाणी नांदेड न बघताच गोदावरीत जातं. माल मात्र नांदेडला जायचा. माझे आजोबा सांगायचे, की सुगी झाली की बैलगाड्यांची रांग लोह्याच्या वाटेने निघायची. सत्तरएक किलोमीटरचं अंतर, वाटेत मुक्काम, सोबत भाकरी आणि बैलांची वैरण. काही गाड्या लातूरकडे वळायच्या. कुणी कुठे जायचं, हे मोंढ्यातल्या भावावर आणि ओळखीच्या अडत्यावर ठरायचं.

या दोन गावांकडेच गाड्या का वळायच्या, याचं उत्तर रेल्वेत आहे. आपल्या गावाला आजही रेल्वे नाही, पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या भोवती तीन दिशांना तीन वेगवेगळ्या मापांचे रूळ होते. उत्तरेला नांदेडवरून जाणारी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे. सिकंदराबाद ते मनमाड हा निजाम राज्यातला मीटर गेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. पश्चिमेला लातूरला १९११ साली पोचलेली बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरो गेज, जिला आपल्याकडची जुनी माणसं अजून ‘बार्शीची गाडी’ म्हणतात. आणि दक्षिणेला विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोडवरून परळीला जाणारा ब्रॉड गेज मार्ग, जो १९३० च्या सुमारास झाला. डब्यातला माल एका मापाच्या रुळावरून दुसऱ्या मापाच्या रुळावर जाऊ शकत नाही. तो उतरवावा लागतो, पुन्हा भरावा लागतो. त्यामुळे जिथे रूळ पोचला त्या गावात गोदामं झाली, हमाल आले, जिनिंग आणि प्रेस उभ्या राहिल्या. नांदेड आणि लातूर वाढण्याचं हे एक मोठं कारण आहे. आपलं गाव या तीन रुळांच्या मधोमध राहिलं, म्हणून आपण माल आणि माणसं दोन्ही पुरवत राहिलो.

आमच्यासोबत त्या दिवशी आपल्या एका वर्गमित्राचे वडील होते. मित्राने नाव छापू नकोस असं सांगितलंय, म्हणून मी त्यांना काका म्हणते. तसं आपण सगळेच म्हणायचो. काका ऐंशीच्या पुढचे आहेत. नांदेडच्या मिलमध्ये ते विणकाम खात्यात होते, कामगारांच्या भाषेत ‘साच्यावर’. काकू आणि मुलं अहमदपूरला, काका नांदेडला एका खोलीत आणखी चौघांबरोबर. सुट्टीच्या दिवशी एसटीने यायचे. आपल्यापैकी जे त्यांच्या घरी जायचे त्यांना काकांचा मोठा आवाज आठवत असेल. साधं ‘पाणी दे’ सुद्धा ते ओरडून म्हणायचे. शेकडो माग एका छपराखाली धडधडत असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलणं ओळखायला शिकतात, आणि वर्षानुवर्षांनी कान कमी होतात. काकांचा तो आवाज मिलने दिलेला होता.

ही मिल म्हणजे उस्मानशाही मिल. १९२० च्या दशकात ती उभी राहिली आणि शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून तिला नाव मिळालं. ते १९११ ला गादीवर आले आणि १९४८ पर्यंत राज्य त्यांचं होतं. निजाम सरकारने १९२९ साली उद्योगांना भांडवल पुरवण्यासाठी इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड काढला. पुढे वरंगळला १९३४ साली आजमजाही मिल सुरू झाली, ती निजामाच्या थोरल्या मुलाच्या नावाने. या दोन्ही गिरण्यांमध्ये त्या फंडाचा पैसा होता. मराठवाड्यात कापड गिरणी म्हटलं की जुनी माणसं दोनच नावं घेतात, औरंगाबाद मिल आणि नांदेडची उस्मानशाही. मुंबई, सोलापूर, खानदेशाच्या मानाने हे फार थोडं होतं. कापूस आपल्याकडे पिकायचा आणि कापड बहुतेक बाहेर विणलं जायचं. या पार्श्वभूमीवर नांदेडची मिल आपल्या भागाला किती मोठी वाटत असेल, ते समजतं.

मिल नांदेडलाच का, हेही बघायला हवं. इंग्लंडमध्ये रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली क्रॉमफर्डला सूतगिरणी घातली ती डर्वेंट नदीच्या खोऱ्यात, कारण पाण्याच्या जोरावर चाक फिरवायचं होतं. त्या खोऱ्यातल्या गिरण्या २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. आपल्याकडे गिरण्या आल्या त्या वाफेच्या काळात. चाक फिरवायला नदी लागत नव्हती, पण पाणी लागायचंच. बॉयलरला लागायचं, ताण्याच्या सुताला खळ लावायला लागायचं, आणि हवेत ओलावा ठेवायला लागायचं. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, आणि मराठवाड्याचा उन्हाळा किती कोरडा असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. काका म्हणाले, “बाहेर लू चालायची अन् आत आम्ही घामानं अन् वाफेनं भिजलेले.” मिल घाटावर नसली तरी या गावात बारमाही मोठी नदी आहे, बाजूला रेल्वे आहे आणि भोवती कापसाची काळी जमीन आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याची जागा आपल्या भागात नांदेड हीच होती.

कापसाचंही एक नाव सांगायला हवं. इथल्या देशी कापसाला बाजारात ‘हैदराबाद गावराणी’ म्हणायचे. देशी वाणांत त्याचा धागा चांगला लांब आणि तलम समजला जायचा. पुढे नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला. ‘नांदेड-४४’ या नावाने तो आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना नक्की माहीत असेल. कोरडवाहू जमिनीतही तो तग धरायचा. २००२ नंतर बीटी बियाणं आलं आणि शेतांतून तो मागे पडत गेला.

फेरीत आम्ही मिलच्या बाजूला थांबलो तेव्हा साडेचार वाजले होते. कॅमेरेवाल्यांनी भिंती, गेट, वाढलेली झुडपं टिपायला सुरुवात केली. अशा गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी असत आणि काचा उत्तरेकडे लावत. म्हणजे थेट ऊन आत येत नाही, पण दिवसभर सारखा उजेड मिळतो. सूत नीट दिसतं. आमच्यातला फोटोग्राफीचा जाणकार हे सगळं उत्साहाने सांगत होता. काका ऐकत उभे होते. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “आम्ही होतो तेव्हा कोणी आलं नाही फोटो काढायला. आता काय भिंतीचे काढता?”

कुणालाच उत्तर सुचलं नाही. काकांनी मग स्वतःच दाखवायला सुरुवात केली. पाळी सुटली की चहाची गाडी कुठे उभी राहायची. पगाराच्या दिवशी व्याजाने पैसे देणारे कुठे बसायचे. बदली कामगार सकाळी कुठे ताटकळायचे, की आज कुणी गैरहजर राहिलं तर आपल्याला काम मिळेल. भोंगा झाला की सगळं गाव घड्याळ लावायचं. त्यांनी दाखवलेल्या जागी आज मोटारसायकली लावलेल्या होत्या. आम्ही त्या जागांचेही फोटो काढले आणि प्रत्येक फोटोबरोबर काकांचे शब्द मोबाइलवर रेकॉर्ड केले. मला वाटतं, त्या दिवसाचं खरं काम तेवढंच झालं.

मिलची पुढची गोष्ट थोडक्यात अशी. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. तेव्हाच बीदर जिल्ह्यात असलेला आपला अहमदपूर तालुका उस्मानाबादेत आला, आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाल्यावर लातूरमध्ये. जिल्हे बदलले तरी कामाला जायचा रस्ता नांदेडचाच राहिला. १९७४ साली केंद्र सरकारने देशातल्या १०३ आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांत उस्मानशाही होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्यावर ती नांदेड टेक्सटाइल मिल झाली, पण लोकांच्या तोंडी ‘मिल’ एवढंच राहिलं. जुनी यंत्रं, यंत्रमागाचं स्वस्त कापड, टेरिकॉटची चलती आणि नव्या भांडवलाचा अभाव, अशा कारणांनी देशभरच्या अशा गिरण्या थकत गेल्या. नांदेडचीही थकली आणि बंद पडली.

इथे आपल्या शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगते. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आपल्याला हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेतले शिक्षक म्हणून माहीत आहेत. १९३२ साली संन्यास घेण्यापूर्वी, व्यंकटेश खेडगीकर या नावाने, ते ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम करत होते. म्हणजे शाळा उभी करणारा हा माणूस आधी कामगारांमध्ये वावरलेला होता. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. गावातली शाळा आणि शहरातली मिल या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजतो. काकांच्या घरात त्या एकच होत्या. मिलच्या पगारातून आपल्या मित्राची फी आणि वह्या आल्या.

जुन्या मोंढ्यातून आम्ही नदीकडे उतरलो. तिथली जुनी गोदामं, उंच ओटे, लाकडी दारं बघताना आजोबांच्या बैलगाडीची आठवण झाली. बंदाघाटावर पोचलो तेव्हा सूर्य बराच खाली आला होता. नांदेडचे घाट नदीच्या उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, त्यामुळे संध्याकाळचं ऊन पाण्यावरून येऊन थेट पायऱ्यांवर पडतं. फोटो काढायचे तर डिसेंबर-जानेवारीतच जा. उन्हाळ्यात सूर्य वायव्येला सरकतो आणि घाट लवकर सावलीत जातो. पात्रातलं पाणी बघताना हेही लक्षात असू द्या, की वर पैठणला १९७६ साली जायकवाडी पूर्ण झालं आणि नांदेडच्या अगदी वरच्या अंगाला विष्णुपुरीचा जलाशय आहे. आज आपण बघतो ती गोदावरी बरीचशी माणसाने अडवलेली आणि सोडलेली आहे. नदीकाठी नंदगिरी किल्ला आहे, आणि त्याच्या आत पाणीपुरवठ्याची व्यवस्था केलेली आहे. किल्ल्याचा फोटो सगळे काढतात, टाकीचा कुणी काढत नाही. शहर मात्र टाकीवर जगतं.

फोटो कशाचा काढायचा हे कोण ठरवतं, हा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेरूळ, दौलताबाद, राजवाडे, शिकारी आणि मेजवान्या टिपल्या. औरंगाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळी कामांचेही फोटो त्यांनी काढले. त्यांत हाडं निघालेली माणसं रांगेत उभी दिसतात. चेहरे स्पष्ट आहेत, नावं नाहीत. जर्मनीत बर्न्ट आणि हिला बेशर या नवरा-बायकोने १९५९ पासून पुढे कित्येक वर्षं पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या यांचे एकसारख्या उजेडात, समोरून, साधे फोटो काढले. त्यांतल्या अनेक गोष्टी नंतर पाडल्या गेल्या. आज त्या पाहायच्या तर त्या फोटोंतच. आपल्या मिलचं असं कुणी केलं नाही, आणि काकांचा प्रश्न त्याही पुढचा होता. भिंतीचा फोटो राहील, पण साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचा कुठून आणणार?

त्या रात्री मित्राच्या घरी जेवायला गेलो. काकूंनी ट्रंकेतून एक फोटो काढून दाखवला. स्टुडिओतला आहे. मागे रंगवलेला बगीचा, काका खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, तेही स्टुडिओवाल्याचं. मिलच्या काळातला काकांचा एवढा एकच फोटो. पाठीमागे काहीच लिहिलेलं नव्हतं. मित्राने त्याच रात्री पेन्सिलने काकांचं नाव, मिलचं नाव, खातं आणि साल लिहिलं. साल काकांनी हिशेब करून सांगितलं, थोरल्या मुलीच्या जन्मावरून.

मित्रमैत्रिणींनो, माझी तुम्हाला विनंती आहे ती यासाठीच. आपल्या वर्गात मिल कामगारांची मुलं होती, जिनिंगवाल्यांची, हमालांची, अडत्यांची, रेल्वेतल्यांची मुलं होती. घरी ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, जुन्या पिशवीत असा एखादा फोटो असेल, मिलचा बिल्ला असेल, पगाराची चिठ्ठी, पासबुक, युनियनची पावती असेल. फेकू नका. उजेडात ठेवून मोबाइलने नीट फोटो काढा आणि पाठीमागे कोण, कुठे, कधी हे लिहा. आई-वडील, काका-मामा असतील तर त्यांना विचारून लिहा, आणि त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. साडेतीन-चार दशकं राबलेल्या माणसांना आपल्या कामाची प्रत्येक गोष्ट ठाऊक आहे. त्यांना विचारलं गेलेलं नाही, एवढंच.

सर आणि बाईंनाही विनंती आहे. तुमच्याकडे शाळेचे जुने वर्गफोटो असतील. त्यांतल्या मुलांची नावं तुम्हाला आजही पाठ आहेत, हे मागच्या भेटीत आम्ही बघितलं. कुणाचे वडील काय करायचे, कुणाची फी का थकायची, कोण दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला वडिलांकडे जायचं, हेही तुम्हालाच माहीत. स्नेहमेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तासभर आपण हे फोटो घेऊन बसू या. एक जण फोटो दाखवेल, बाकीचे नावं सांगतील आणि मी लिहून घेईन. काकांनी यायचं कबूल केलं आहे. त्यांच्याशी बोलताना मात्र जरा मोठ्याने बोला.